कोणत्या संगणकाला कोणती फाईल?

तळोद्याहून धडगावला जाणारा रस्ता चांदसैली घाटातून जातो. पावसाळ्यात तिथे दरडी कोसळतात आणि अक्राणी तालुक्याचे हे मुख्यालय त्या बाजूने तुटते. सातपुड्यातल्या या भागात लाईट आणि नेट यांचाही पुरता भरवसा धरता येत नाही. कारभार मात्र केव्हाच संगणकावर आला. देशातले पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात वाटले गेले. २०१५ पासून राज्यातल्या शाळांची माहिती ‘सरल’ प्रणालीत भरली जाऊ लागली. सातबारा, रेशन, शिष्यवृत्ती, लसीकरण, सगळ्यांच्या नोंदी दूरच्या कुठल्यातरी सर्व्हरवर असतात. तालुक्याच्या ठिकाणापर्यंत शासनाचे स्वतःचे ‘महाराष्ट्र स्टेट वाइड एरिया नेटवर्क’ आहे, ग्रामपंचायतींसाठी भारतनेटची योजना आहे. पण हा सगळा पसारा माहिती वर पाठवण्यासाठी आहे. एका टेबलावरची फाईल शेजारच्या टेबलावर द्यायची झाली, की लहान गावांतल्या शाळा-कार्यालयांत अजून पेन ड्राईव्ह फिरतो, नाहीतर व्हॉट्सअ‍ॅप उघडले जाते. हाताच्या अंतरावरच्या संगणकात जायला फाईल बाहेरच्या सर्व्हरला वळसा घालून येते, आणि रेंज गेली की तोही मार्ग बंद.

यावरचा उपाय जुना आणि तुलनेने स्वस्त आहे. इमारतीतच एक साठवण सर्व्हर ठेवायचा. त्यासाठी ‘नॅस’ म्हणून बाजारात मिळणारी पेटी घेता येते, किंवा दोन हार्ड डिस्क बसवलेला जुना पीसी लिनक्स टाकून वापरता येतो. स्विचला जोडलेल्या संगणकांना आपसांत फाईल द्यायला नेट लागत नाही. खरा प्रश्न त्यानंतर उभा राहतो: जोडलेल्या प्रत्येक संगणकाने सगळ्याच फाईल पाहायच्या का? आश्रमशाळेच्या संगणक कक्षातल्या मुलांना धडे दिसायला हवेत, मुख्याध्यापकांच्या टेबलावरची वेतनबिले नकोत. ग्रामीण रुग्णालयातल्या नोंदणी खिडकीला रुग्णांची यादी लागते, प्रयोगशाळेचे अहवाल तिथून बदलता येता कामा नयेत. ही वाटणी करण्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे विचारणाऱ्या संगणकाचा आयपी अ‍ॅड्रेस, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा पत्ता, पाहून फाईल देणे. ही रीत कुठून आली, ती कशी चालते, कुठे फसते आणि धडगावसारख्या ठिकाणी तिच्यावर किती विसंबावे, याचा नीट विचार झाला पाहिजे.

स्थानिक संगणकावर माहिती ठेवण्याचा प्रयत्न महाराष्ट्राला नवा नाही. १९९८ मध्ये वारणानगर परिसरातल्या ७० गावांसाठी ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. ऊस उत्पादकांच्या नोंदी गावातल्या केंद्रांवर आल्या. पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या संशोधकांनी काही गावांत पीसीऐवजी मोबाइलच्या एसएमएसवर तेच काम चालवून दाखवले. रायगड जिल्ह्यातल्या खैराट या वाडीत २००७ मध्ये ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’चे हिरवे-पांढरे लॅपटॉप आले. त्या प्रकल्पाच्या मूळ आराखड्यात शाळेत एक सर्व्हर आणि त्यावर प्रत्येक मुलाच्या कामाचा बॅकअप, अशी कल्पना होती. मुंबईच्या टाटा समाज विज्ञान संस्थेने एमआयटी आणि टाटा ट्रस्ट्स यांच्यासोबत उभ्या केलेल्या ‘क्लिक्स’ उपक्रमात राजस्थान, छत्तीसगड, तेलंगण आणि मिझोराममधल्या सरकारी शाळांना नेटशिवाय चालणारा शाळा-सर्व्हर देण्यात आला. त्यावरची प्रणाली घडवण्यात मुंबईच्याच होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा हात होता. आपल्या राज्यातल्या संस्थांनी इतर राज्यांसाठी बांधलेली ही वाट सातपुड्यातल्या शाळांनाही तितकीच उपयोगाची आहे.

पत्ता पाहून फाईल देण्याची रीत मात्र शाळेसाठी जन्मली नाही. १९८४ च्या सुमारास सन मायक्रोसिस्टिम्सने ‘नेटवर्क फाईल सिस्टिम’, म्हणजे एनएफएस, तयार केली. त्या काळी डिस्क महाग होती. अनेक कामाच्या संगणकांत स्वतःची डिस्कच नसे, ती एका सर्व्हरवर असे आणि बाकीचे तिथून काम करत. सगळी यंत्रे एका इमारतीतली, त्यांची देखभाल करणारी माणसेही ठरलेली. त्यामुळे सर्व्हरने फक्त एवढेच पाहायचे ठरले की विचारणारे यंत्र आपल्या यादीत आहे का. १९८९ मध्ये या पद्धतीचे जाहीर तपशील निघाले, १९९५ मध्ये तिसरी आवृत्ती आली, २००० मध्ये चौथी. यादीची पद्धत आजही तशीच आहे.

लिनक्सवर ही यादी ‘एक्सपोर्ट्स’ नावाच्या साध्या मजकुराच्या फाईलमध्ये असते. एका ओळीत एक फोल्डर, त्यापुढे ज्यांना ते द्यायचे ते पत्ते आणि प्रत्येक पत्त्याला चिकटून कंसात अटी. ‘आरओ’ म्हणजे फक्त वाचता येईल, ‘आरडब्ल्यू’ म्हणजे लिहिताही येईल. पत्ता एकट्या संगणकाचा असू शकतो किंवा अख्ख्या गटाचा. समजा, कार्यालयाचे नेटवर्क १९२.१६८.१० ने सुरू होते. मग १९२.१६८.१०.१६/२८ असे लिहिले की शेवटचा आकडा १६ ते ३१ असलेली सोळा यंत्रे एका फटक्यात यादीत येतात. संगणक कक्षाला हा गट, कार्यालयाला त्यापुढचा ३२ ते ४७ चा गट, अशी वाटणी आधी कागदावर आखून घेतली तर पुढचे निम्मे काम होते. एकच संगणक दोन नोंदींत बसत असेल, तर एकट्या यंत्राची नोंद गटाच्या नोंदीपेक्षा वरचढ ठरते, मग ती ओळीत कुठेही असो. म्हणून कक्षातल्या सोळांना ‘फक्त वाचा’ असे सांगून शिक्षकाच्या एका यंत्राला ‘लिहा’ची मुभा देता येते.

या फाईलमधला सर्वांत घातक दोष एका मोकळ्या जागेचा आहे. पत्ता आणि कंस यांच्यामध्ये चुकून स्पेस पडली, तर सर्व्हर त्या ओळीचा अर्थच वेगळा लावतो. पत्त्यावरच्या यंत्राला नेहमीच्या, म्हणजे फक्त वाचण्याच्या, अटी लागू होतात, आणि कंसातली लिहिण्याची मुभा जगातल्या कोणत्याही यंत्राला मिळते. डोळ्यांना ओळ अगदी बरोबर दिसते. लिनक्सच्या माहितीपुस्तिकांत याचा इशारा वर्षानुवर्षे छापलेला असूनही ही चूक होते, कारण फाईल चालते आणि कुणाची तक्रार येत नाही. सर्व्हर प्रत्यक्षात कुणाला काय देतो आहे हे ‘एक्सपोर्टएफएस’ ही आज्ञा दाखवते. लिहिलेली ओळ वाचून समाधान मानू नये, या आज्ञेचे उत्तर वाचावे.

दुसरी एक अट धडगावला खास लागू आहे: ‘सिंक’ की ‘असिंक’. ‘असिंक’ ठेवले तर सर्व्हर डिस्कवर लिहून होण्याआधीच ‘झाले’ म्हणून सांगतो. काम वेगाने होते, पण त्याच क्षणी लाईट गेली तर झाले म्हटलेले काम डिस्कवर नसते. लिनक्सच्या नव्या आवृत्त्यांत ‘सिंक’ हीच मूळ सवय आहे. वेगासाठी ती बदलण्याचा सल्ला नेटवर जागोजागी मिळतो. जिथे वीज अशी बेभरवशाची आहे तिथे तो ऐकू नये, आणि सर्व्हरला यूपीएस असल्याशिवाय तो सुरूही करू नये.

प्रत्यक्षात कार्यालयांत विंडोज चालते, म्हणून एनएफएसपेक्षा साम्बाची गाठ आधी पडते. ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९२ च्या सुमारास सुरू केलेले हे मुक्त सॉफ्टवेअर लिनक्स सर्व्हरला विंडोजच्या ‘शेअर्ड फोल्डर’ची भाषा शिकवते. बाजारातल्या बहुतेक नॅस पेट्यांच्या पोटातही तेच असते. साम्बात ‘होस्ट्स अलाऊ’ आणि ‘होस्ट्स डिनाय’ अशा दोन याद्या असतात. दोन्हींत एकच पत्ता आला तर परवानगीची यादी जिंकते, हे लक्षात न ठेवल्यास बंदी घातलेले यंत्र खुशाल आत येते. पण साम्बाची खरी गंमत पुढे आहे. फोल्डरच्या वाटेत ‘टक्के आय’ ही खूण लिहिली की त्या जागी विचारणाऱ्या संगणकाचा पत्ता बसतो. म्हणजे ‘गृहपाठ’ या एकाच नावाचा फोल्डर सोळा यंत्रांवरून उघडला तर सोळा वेगळे फोल्डर उघडतात. पत्ता २१ वर संपणाऱ्या यंत्रावर बसणाऱ्या तुकडीचे काम २२ च्या यंत्रावर दिसत नाही आणि एकाचे दुसऱ्याकडून पुसलेही जात नाही. संगणकाचे नाव वापरणारी अशीच दुसरी खूण आहे, पण आजचे विंडोज ज्या ४४५ क्रमांकाच्या पोर्टवरून बोलते तिथे ती चालत नाही, म्हणून पत्त्याची खूणच वापरावी.

पत्त्यावरून फाईल देण्याची आणखी एक जागा फारशा लोकांना ठाऊक नसते, आणि जुने पीसी असलेल्या शाळांना ती फार मोलाची आहे. डिस्क बिघडलेला संगणकही नेटवर्कवरून सुरू करता येतो. सुरू होताना तो सर्व्हरकडे आपली फाईल मागतो, आणि ती मागताना आपला पत्ता सोळाच्या पायावर मांडलेल्या आकड्यांत लिहितो. १९२.१६८.१०.२१ हा पत्ता ‘सी०ए८०ए१५’ असा होतो. त्या नावाची फाईल सापडली नाही, तर शेवटचे अक्षर गाळून ‘सी०ए८०ए१’ शोधतो, मग आणखी एक गाळून पुढची, आणि सर्वांत शेवटी ‘डिफॉल्ट’. ‘सी०ए८०ए१’ नावाची एक फाईल ठेवली की १६ ते ३१ या सोळाही यंत्रांना ती लागू होते. आखणी करताना १६ च्या पटीत गट पाडण्याचा असा दुहेरी उपयोग आहे. १९९९ मध्ये सुरू झालेल्या ‘लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्ट’ने अशाच तंत्रावर जगभरातल्या शाळांत टाकाऊ ठरलेले संगणक पुन्हा कामाला लावले.

मोठ्या प्रमाणावर हीच रीत विद्यापीठांत दिसते. युजीसीच्या इन्फ्लिबनेट केंद्रामार्फत विद्यापीठांना मिळणारी संशोधन नियतकालिके बऱ्याच अंशी परिसराचा आयपी पत्ता ओळखून उघडत आली आहेत. जळगावच्या विद्यापीठाच्या आवारात बसलेल्या विद्यार्थ्याला वेगळा पासवर्ड द्यावा लागत नाही. त्याच विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयातला विद्यार्थी मात्र या दारातून जाऊ शकत नाही, कारण त्याच्या महाविद्यालयाला बहुधा स्वतःचा स्थिर पत्ता नसतो, आणि मोबाइलवरून आला तर कंपनी शेकडो ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवते. २०१० मध्ये महाविद्यालयांसाठी ‘एन-लिस्ट’ योजना आली ती म्हणूनच वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड घेऊन. पत्त्याची रीत सर्वांना सारखी पोचत नाही याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण आपल्या शिक्षणव्यवस्थेत नाही.

इथून या रीतीच्या मर्यादा सुरू होतात. पत्ता हे यंत्राचे ठिकाण आहे, माणसाची ओळख नाही. मुख्याध्यापकांचा संगणक बंद असताना कुणी आपला लॅपटॉप त्याच वायरला जोडून तोच पत्ता स्वतःला दिला, तर सर्व्हरला फरक कळत नाही. हे करायला विशेष कौशल्यही लागत नाही. राउटर सकाळी एक पत्ता देतो, लाईट जाऊन आल्यावर दुसरा देतो, असे झाले तर शिक्षकाची मुभा मुलाच्या यंत्राला जाते. म्हणून राउटरमध्ये प्रत्येक यंत्राच्या नेटवर्क कार्डाचा मॅक क्रमांक पाहून पत्ता कायमचा राखून ठेवावा लागतो. वायरने जोडलेल्या संगणकांसाठी हा बंदोबस्त चांगला चालतो. मोबाइल आणि टॅबसाठी त्याचा भरवसा नाही, कारण अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन वायफायवर खरा मॅक क्रमांक लपवून बनावट क्रमांक दाखवतात. फोनधारकाच्या गोपनीयतेसाठी ते योग्यच आहे, पण पत्त्याच्या यादीवर उभा असलेला सर्व्हर त्यामुळे वायफायपुरता बेभरवशाचा ठरतो.

एनएफएसमध्ये याहून खोल अडचण आहे. यंत्र यादीत बसले, की त्यावरचा वापरकर्ता कोण हे सर्व्हर त्या यंत्रालाच विचारतो आणि मिळेल ते उत्तर खरे मानतो. वापरकर्त्याचा क्रमांक १००५ असल्याचे यंत्राने सांगितले, की १००५ च्या फाईल खुल्या. मुख्य प्रशासकाचा शून्य क्रमांक तेवढा ‘रूट स्क्वॅश’ या अटीमुळे अनामिक केला जातो. बाकीच्यांचे सोंग घेता येते. हा भोळेपणा किती महाग पडतो हे जगाने १९९४ च्या नाताळात पाहिले. संगणक सुरक्षेचे संशोधक सुतोमु शिमोमुरा यांच्या यंत्रात, विश्वासातल्या दुसऱ्या यंत्राचा पत्ता धारण करून घुसखोरी झाली. केव्हिन मिटनिक या प्रकरणी गाजला आणि फेब्रुवारी १९९५ मध्ये पकडला गेला. पत्त्यावरच्या विश्वासात हा धोका असल्याचे स्टीव्हन बेलोविन यांनी १९८९ मध्येच लिहून ठेवले होते.

यावरचे उत्तर म्हणजे कर्बेरोस. एमआयटीत जन्मलेली ही पद्धत प्रत्येक माणसाला मुदतीचे तिकीट देते आणि एनएफएसची चौथी आवृत्ती ते तपासू शकते, वाटेतली माहिती कुलूपबंदही करू शकते. मात्र ती चालायला सगळ्या यंत्रांची घड्याळे जुळलेली लागतात. साधारण पाच मिनिटांहून अधिक फरक पडला की तिकीट नाकारले जाते. शहरात घड्याळे नेटवरून आपोआप जुळतात. जिथे नेट दिवसदिवस नसते, पीसीच्या मदरबोर्डवरची बॅटरी संपलेली असते आणि सुरू करताच जुनी तारीख दिसते, तिथे ही पद्धत रोज सकाळी रुसणार. रास्पबेरी पाय या छोट्या, स्वस्त संगणकाच्या पाचव्या पिढीआधीच्या मॉडेलांत तर नेटशिवाय वेळ टिकवणारे घड्याळच नाही. सर्व्हरलाच स्थानिक घड्याळ नेमून बाकीच्यांना त्याच्याशी जुळवता येते, पण त्यासाठी जाणता माणूस जवळ हवा. तालुक्याच्या गावात तो नेहमी असेलच असे नाही, म्हणून लहान शाळेला कर्बेरोसचा आग्रह धरणे व्यवहार्य वाटत नाही. साम्बात प्रत्येकाला स्वतःचे नाव आणि पासवर्ड देणे तिथे पुरेसे आणि सोपे आहे.

धोके केवळ पुस्तकी नाहीत. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ या विध्वंसक सॉफ्टवेअरने जगभर धुमाकूळ घातला, तेव्हा न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या एका टर्मिनलचे कामकाजही कोलमडले. विंडोजच्या फाईल-वाटपाच्या जुन्या आवृत्तीतले भोक आणि चोरलेले पासवर्ड वापरून ते एका यंत्रातून दुसऱ्यात गेले होते. त्याच्या आधी सुमारे दीड महिना ‘वॉनाक्राय’ने तेच भोक वापरले होते. जानेवारी २०२२ मध्ये ‘डेडबोल्ट’ने इंटरनेटवर उघड्या राहिलेल्या क्यूनॅप कंपनीच्या नॅस पेट्या गाठून त्यांतल्या फाईल कुलूपबंद केल्या आणि खंडणी मागितली. या घटनांतून लहान कार्यालयाने उचलायच्या गोष्टी थोड्या आहेत: एसएमबीची, म्हणजे विंडोजच्या त्या फाईल-वाटप पद्धतीची, पहिली आवृत्ती बंद ठेवायची, सर्व्हर राउटरमधून बाहेरच्या जगाला कधीही उघडायचा नाही, आणि फायरवॉलमध्येही तीच पत्त्यांची यादी पुन्हा लावायची. पत्त्याची यादी इथे खरोखर उपयोगी पडते. ती चोराला ओळखत नसली तरी संगणक कक्षातल्या लागण झालेल्या यंत्राला कार्यालयाच्या फोल्डरपर्यंत सहज पोचू देत नाही.

मग धडगावसाठी निवाडा काय? फाईलच्या जातीप्रमाणे तो वेगळा आहे. शिकवण्याचे साहित्य, मराठी विकिपीडियाची नेटशिवाय चालणारी किविक्स प्रत, पाठ्यपुस्तके, शासकीय परिपत्रके यांना पत्त्याची यादी पुरते. सर्वांना ‘फक्त वाचा’, एका यंत्राला ‘लिहा’. पावरी आणि भिली बोलणाऱ्या मुलांसाठी शिक्षकांनी स्वतः रेकॉर्ड केलेल्या गोष्टी नेटवर शोधून सापडणार नाहीत. अशा साहित्याला स्थानिक सर्व्हर हेच खरे घर आहे आणि ते जितके मोकळे ठेवता येईल तितके ठेवावे. कार्यालयीन कागदांना पत्ता आणि पासवर्ड दोन्ही हवेत. मुलांच्या वैयक्तिक नोंदी आणि रुग्णांची माहिती यांना मात्र निव्वळ पत्त्याच्या भरवशावर ठेवणे चूक आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले आहे आणि त्यांच्या माहितीला वेगळे संरक्षण दिले आहे. सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेले निर्देश शासकीय संस्थांनाही लागू आहेत: नोंदवह्या, म्हणजे लॉग, १८० दिवस जपायचे आणि घुसखोरी लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची. ज्या सर्व्हरवर सगळे एकाच नावाने येतात, त्याच्या लॉगमध्ये फक्त पत्ते उरतात. कोणत्या खुर्चीवरून फाईल उघडली एवढेच ते सांगू शकतात.

अक्राणी, अक्कलकुवा आणि तळोदा या तीन तालुक्यांच्या आश्रमशाळा तळोद्याच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाच्या कक्षेत येतात. प्रत्येक शाळेने आपापली आखणी करत बसण्यापेक्षा प्रकल्प कार्यालयाने पत्त्यांचा एकच नमुना ठरवून द्यावा: सर्व्हर कुठे, संगणक कक्ष कोणत्या गटात, कार्यालय कोणत्या, वायफाय पूर्ण वेगळ्या नेटवर्कवर. मग एका शाळेतून दुसरीकडे बदली होऊन गेलेल्या शिक्षकाला सर्व्हर ओळखीचा वाटेल आणि बिघाड फोनवर सांगून दुरुस्त करता येईल. या नमुन्याची छापील प्रत सर्व्हरच्या कपाटात असावी, बॅकअपची डिस्क दुसऱ्या इमारतीत. आणि ज्यांच्या हाती असा सर्व्हर येईल त्यांनी तो मुलांसाठी खुला करण्याआधी एक चाचणी जरूर करावी: यादीत नसलेला लॅपटॉप स्विचला जोडून कार्यालयाचा फोल्डर उघडून पाहावा, आणि तो उघडला तर त्या दिवशी सर्व्हर सुरू करू नये.